फेरीबोटीची रांग आणि सर्व्हरची रांग: कुठलं मॉडेल कधी लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटाच्या धक्क्यावर सकाळी फेरीबोटीने पलीकडे रायबंदरला जाणाऱ्या चारचाकींची रांग लागते, त्यावर तुम्ही शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेतला आहे. पुस्तकातलं एम/एम/१ मॉडेल लावलंत, म्हणजे ग्राहक योगायोगाने येतात आणि एकच खिडकी एकेकाला कमीजास्त वेळात सेवा देते असं धरणारं. दिवसभराची सरासरी घातली तर खोळंबा ३ मिनिटं निघाला. गर्दीच्या तासाचे आकडे घातले तर उत्तर उणे ३ मिनिटं आलं. प्रत्यक्षात साडेआठला धक्क्यावर पोचलेला माणूस अर्धा तास थांबतो. तुम्ही विचारता की हा सिद्धांत निकामी आहे का, आणि तसा असेल तर सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या मुलाखतीत सिस्टिम डिझाइनच्या नावाखाली हेच गणित का विचारतात.

सिद्धांत उत्तम आहे. तो भलत्याच रांगेला लावला गेला आहे. रांग तीन वेगवेगळ्या कारणांनी लागते: ठरलेल्या वेळी येणारा लोंढा, गठ्ठ्याने होणारी सेवा, आणि निव्वळ योगायोगाचा चढउतार. तिन्हींचं गणित वेगळं आणि उपायही वेगळे. आपल्यासमोरची रांग यांतल्या कुठल्या कारणाने लागली आहे हे ओळखलं की निम्मं काम झालं. सूत्र शोधायचं ते त्यानंतर.

आधी तुमचेच आकडे घेऊ. तुम्ही हिशेबासाठी गोल आकडे धरलेत: दर १२ मिनिटांनी एक फेरी, एका फेरीत ८ गाड्या, म्हणजे तासाला ४० गाड्या पलीकडे जातात. दिवसाची सरासरी आवक तासाला २०, पण साडेसात ते साडेआठ या तासात ६०. एम/एम/१ मध्ये सरासरी वेळ म्हणजे एक भागिले (सेवेचा वेग वजा आवकेचा वेग). ४० वजा २० केलं की एक विसांश तास, म्हणजे ३ मिनिटं. ४० वजा ६० केलं की उणे ३ मिनिटं. आकडेमोड बिनचूक आहे, पण या सूत्राला एक अट आहे: आवक सेवेपेक्षा कमी हवी, आणि ती स्थिती इतका वेळ टिकायला हवी की रांग एका सरासरीभोवती स्थिरावेल. गर्दीच्या तासात पहिली अट मोडते आणि दिवसाच्या सरासरीत दुसरी.

उणे उत्तर आलं की निदान माणूस थबकतो. मला जास्त काळजी त्या अधिक ३ मिनिटांची वाटते, कारण ते उत्तर शहाण्यासारखं दिसतं. बोटी १२ मिनिटांच्या अंतराने सुटत असतील तर रिकाम्या धक्क्यावर कधीही येणाऱ्या गाडीलाही सरासरी ६ मिनिटं थांबावंच लागेल. ३ मिनिटं शक्यच नाहीत. अहवालात हा आकडा गेला असता तर कुणी हटकलंही नसतं.

आता लोंढ्याचं गणित. त्याला संभाव्यताशास्त्र जवळजवळ लागतच नाही. आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर गाड्यांची एकूण संख्या. एक रेघ आतापर्यंत आलेल्या गाड्यांची, दुसरी आतापर्यंत पलीकडे गेलेल्यांची. दोन रेघांमधलं उभं अंतर म्हणजे त्या क्षणी रांगेत असलेल्या गाड्या. आडवं अंतर म्हणजे त्या गाडीला थांबावा लागलेला वेळ. मधलं क्षेत्रफळ म्हणजे सगळ्यांचा मिळून खोळंबा. वाहतूक अभियांत्रिकीत गॉर्डन न्यूअल यांनी ही पद्धत फार नेटाने मांडली. रांगांच्या सगळ्या अभ्यासक्रमांची सुरुवात हिच्यापासून व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे.

साडेसातला रांग शून्य धरा. साडेआठपर्यंत ६० आल्या, ४० गेल्या, २० उरल्या. साडेआठला आलेल्या गाडीपुढे २० गाड्या, तासाला ४० सरकतात, म्हणजे अर्धा तास. धक्क्यावर तुम्ही पाहिलेला अर्धा तास हाच. त्यानंतर आवक तासाला २० वर उतरली तर रांग तासाला २० ने घटते आणि साडेनऊला संपते. मधलं क्षेत्रफळ दोन तास पाया आणि २० उंचीचा त्रिकोण, म्हणजे २० गाडी-तास. या दोन तासांत एकूण ८० गाड्या आल्या, तेव्हा प्रत्येकी सरासरी १५ मिनिटं.

आता याच कागदावर गर्दीच्या तासात एकच जादा फेरी घाला. ४० ऐवजी ४८ गाड्या गेल्या, साडेआठला १२ उरल्या, तेव्हा आलेल्या गाडीला ३० ऐवजी १८ मिनिटं. रांग साडेनऊऐवजी साधारण नऊ वाजून सहा मिनिटांनी संपते. एकूण खोळंबा २० गाडी-तासांवरून ९.६ वर. एका फेरीने निम्म्याहून जास्त खोळंबा गेला! तीच जादा फेरी दहा वाजता सोडली तर उपयोग शून्य, कारण रांग तोवर संपलेली आहे. दिवसाच्या सरासरीत या दोन फेऱ्यांत काडीचाही फरक दिसत नाही. दिवसाला इतक्या फेऱ्या वाढवल्या, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या कुठल्याही नियोजनाला हा कागद दाखवावा.

दुसरा घटक गठ्ठ्याचा. फेरीबोट एकेक गाडी घेऊन जात नाही, एक गठ्ठा नेते. अशा रांगांचं गणित नॉर्मन बेली यांनी १९५४ मध्ये मांडलं. त्यातली तुमच्या कामाची गोष्ट अशी की रांग लहान असते तेव्हा सगळा खोळंबा दोन फेऱ्यांमधल्या अंतरातून येतो, आणि तोही त्या अंतराच्या सरासरीतून पूर्ण कळत नाही. समजा फेऱ्या नेमाने १२ मिनिटांनी न सुटता आलटून पालटून ४ आणि २० मिनिटांनी सुटतात. सरासरी अंतर १२ च. पण कधीही येणारा माणूस २० मिनिटांच्या खिंडीत सापडण्याची शक्यता ४ च्या पाचपट. अंतराच्या वर्गाची सरासरी काढा: १६ आणि ४०० यांची सरासरी २०८. तिला सरासरी अंतराच्या दुपटीने, म्हणजे २४ ने भागा. ८ मिनिटं ४० सेकंद. फेऱ्या तेवढ्याच, बोटी तेवढ्याच, डिझेल तेवढंच, आणि प्रत्येकाचा वेळ ६ वरून पावणेनऊवर. दोन बोटी एकापाठोपाठ लागल्या की हे होतं. म्हणून बोटी समोरासमोरच्या धक्क्यांवर राहतील असं सांभाळणं हे नवी बोट आणण्याइतकंच मोलाचं काम आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

शिवाय एका फेरीत ८ गाड्या हा आकडाही स्थिर नसतो. खलाशी हात करून गाड्या लावून घेतो तेव्हा नीट पाहा. मध्ये एक टेम्पो आला की दोन गाड्यांची जागा गेली. दुचाकी मागून येऊन फटीत शिरतात, त्यांचा चारचाकींशी जवळजवळ झगडाच नाही. म्हणजे दुचाकींची आणि चारचाकींची रांग ही दोन वेगळी मॉडेलं आहेत, एका आकड्यात कोंबू नका. फेरीगणिक चढलेल्या गाड्यांची नोंद ठेवा आणि त्या नोंदींचं वितरण वापरा.

जुलै २०२५ पासून रायबंदर–चोडण मार्गावर मोठ्या रो-रो बोटी (गाड्या एका टोकाने चढून दुसऱ्या टोकाने उतरतात अशा) आल्या आहेत, त्यामुळे हा भाग तुमच्या प्रकल्पात आता कळीचा ठरतो. बोट मोठी झाली की गठ्ठा वाढतो, पण चढण्या-उतरण्याला लागणारा वेळही वाढतो. दर १२ मिनिटांनी ८ आणि दर २४ मिनिटांनी १६ यांची तासाची क्षमता सारखीच. लोंढ्याच्या वेळी दोन्हींत फार फरक पडत नाही. दुपारी मात्र पहिल्यात सरासरी ६ मिनिटं थांबणं, दुसऱ्यात १२. म्हणून सकाळी गठ्ठ्याचा आकार मोजायचा आणि दुपारी फेऱ्यांमधलं अंतर.

तिसरं कारण योगायोगाचं, आणि एम/एम/१ ची खरी जागा इथे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये दाखवलं की फोन कॉल प्वासाँ वितरणाने, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निव्वळ योगायोगाने येतात. ते तिथे का बसलं याचा विचार करा. हजारो ग्राहक, एकमेकांशी संबंध नाही, प्रत्येकजण क्वचित फोन करणारा. अशा पुष्कळ स्वतंत्र, विरळ प्रवाहांची बेरीज प्वासाँकडे झुकते. चोडणच्या धक्क्यावरची माणसं सकाळी स्वतंत्र नसतात. साडेनऊचं ऑफिस आणि शाळेची घंटा यांनी ती बांधलेली असतात. दुपारी अडीच वाजता मात्र ती बरीचशी स्वतंत्र असतात. म्हणून एकाच धक्क्यावर सकाळी एक मॉडेल आणि दुपारी दुसरं, यात विसंगती काहीच नाही. प्वासाँ बसतं का ते तपासायला पाच-पाच मिनिटांतल्या आवकेचं विचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) काढा आणि त्याला आवकेच्या सरासरीने भागा. एकच्या आसपास असेल तर ठीक. दोन-तीन असेल तर गाड्या घोळक्याने येत आहेत.

योगायोगाच्या रांगेसाठी एकच सूत्र पाठ करायचं असेल तर मी जॉन किंगमन यांचं १९६१ चं सांगेन. शब्दांत असं: प्रतीक्षा म्हणजे साधारण तीन गोष्टींचा गुणाकार. पहिली, भार भागिले (१ वजा भार); भार म्हणजे आवक भागिले क्षमता. दुसरी, आवकेचा आणि सेवेचा चढउतार, म्हणजे दोन्हींच्या विचरण-गुणांकांच्या (प्रमाण विचलन भागिले सरासरी) वर्गांची सरासरी. तिसरी, एका कामाला लागणारा सरासरी वेळ. पहिला घटक भार ५० टक्के असताना १, ८० टक्क्यांना ४, ९० ला ९, ९५ ला १९. शेवटच्या पाच टक्क्यांत प्रतीक्षा दुपटीहून जास्त. दुसरा घटक लोक विसरतात, आणि सर्व्हरच्या जगात घोटाळा बहुधा तिथेच असतो.

इथून मुलाखतीच्या प्रश्नाकडे येतो. संख्याशास्त्र शिकवण्यात आणि पुढे सर्व्हरच्या क्षमतेचे हिशेब करण्यात माझी नोकरी गेली, आणि एक तक्रार सतत कानी पडली: सीपीयू फक्त ७० टक्के आहे, मग साइट का रखडते? समजा १०० विनंत्यांतल्या ९५ विनंत्या ५० मिलिसेकंदांत संपतात आणि ५ विनंत्या, मोठा अहवाल काढणाऱ्या, २ सेकंद घेतात. सरासरी १५० मिलिसेकंदांच्या आत. पण विचरण-गुणांकाचा वर्ग ८.३ येतो. प्वासाँ आवक धरली तर दुसरा घटक १ ऐवजी ४.६५. भार ७० टक्के असताना रांगेतली सरासरी प्रतीक्षा सुमारे १.६ सेकंद. म्हणजे ५० मिलिसेकंदांच्या कामासाठी दीड सेकंदाहून जास्त थांबणं. इथे यंत्र वाढवण्याआधी अहवालांची रांग वेगळी काढा. सुपरमार्केटात दोन वस्तू घेतलेल्या माणसाला भरलेल्या ट्रॉलीमागे उभं करत नाहीत, त्यामागचं गणित हेच.

सारख्या कामांच्या रांगा मात्र एकत्र करा. ८० टक्के भार असलेले दोन सर्व्हर, प्रत्येकाची आपली रांग, तर प्रतीक्षा कामाच्या वेळेच्या ४ पट. तेच दोन सर्व्हर एकाच रांगेतून काम उचलत असतील तर सुमारे १.८ पट. वेगवेगळी कामं तोडायची आणि सारखी जोडायची, हे दोन्ही निष्कर्ष त्याच सिद्धांताचे आहेत, त्यामुळे मुलाखतीत ‘रांगा वेगळ्या की एक’ असं विचारलं तर आधी कामांच्या वेळेचं वितरण विचारा.

जॉन लिटल यांचा नियमही १९६१ मध्येच सिद्ध झाला आणि तो सगळ्यात निर्धोक, कारण त्याला वितरणाची अट नाही. आत असलेली कामं म्हणजे आवकेचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ. सेकंदाला २०० विनंत्या आणि प्रत्येकी पाव सेकंद, म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी ५० विनंत्या आत. डेटाबेसची जोडणी २० च ठेवली असेल आणि प्रत्येक विनंती पूर्ण पाव सेकंद एक जोडणी अडवून बसत असेल, तर सेकंदाला ८० च्या वर काम निघणारच नाही, यंत्र कितीही दांडगं असो. धक्क्यावरही तो वापरा. रांगेतल्या गाड्या मोजणं सोपं, प्रत्येकाचा वेळ मोजणं कठीण. पहिल्यावरून दुसरा काढता येतो. वरच्या हिशेबात २० गाडी-तास भागिले दोन तास, म्हणजे सरासरी १० गाड्या रांगेत. आवक तासाला ४०. १० भागिले ४० म्हणजे १५ मिनिटं. जुळलं.

सर्व्हरची रांग एका बाबतीत धक्क्यापेक्षा वाईट. चोडणला रांग लांब दिसली की काहीजण गाडी वळवून मये–डिचोलीच्या रस्त्याला लागतात. रांग स्वतःच थोडी आवरते. बारावीचा निकाल लागतो त्या तासाला पान उघडलं नाही तर माणूस पुन्हा दाबतो, आणि रांग स्वतःला वाढवते. लोंढ्याच्या कागदावर आवकेची रेघ आता उशिरावर अवलंबून आहे. म्हणून अशा प्रणालीत दाराशीच मर्यादा घालणं, टोकन देऊन ‘दहा मिनिटांनी या’ सांगणं आणि पुन्हा प्रयत्न करण्याचं अंतर दर वेळी वाढवत नेणं हे अंगभूत हवं. क्षमता आपोआप वाढवणारी सोय लोंढ्याला पुरत नाही, कारण ती जागी होऊन यंत्रं तयार होईपर्यंत गर्दीची पहिली, सगळ्यात तीव्र मिनिटं निघून जातात. निकालाची वेळ आधी ठाऊक असते, तेव्हा क्षमताही आधीच उभी करावी.

भार काढताना एक यंत्र बंद धरूनही काढा. दोन बोटींवर ५० टक्के भार म्हणजे एक बोट दुरुस्तीला गेली की १०० टक्के. गोव्याला हे वेगळं सांगायला नको. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला आणि पणजी–बेती वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली.

आता मोजमापाबद्दल, कारण तुमच्या मार्गदर्शकांनी ‘आणखी डेटा घ्या’ म्हटलं आहे. कसला डेटा, हे महत्त्वाचं. रांगेच्या शेपटाशी उभे राहा, बोटीच्या तोंडाशी नको. तोंडाशी फक्त चढलेल्या गाड्या दिसतात, परत फिरलेल्या दिसत नाहीत, आणि मागणी कायम क्षमतेइतकीच भासते. तासाची बेरीज न घेता प्रत्येक गाडीची यायची वेळ लिहा. एका सकाळच्या ८० गाड्या म्हणजे ८० स्वतंत्र निरीक्षणं धरू नका. एकामागच्या दोन गाड्यांचा खोळंबा जवळजवळ सारखाच असतो. इथे निरीक्षणाचं एकक दिवस आहे. विश्वासांतर (खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी तो पट्टा) दिवसांच्या सरासऱ्यांवरून काढा, ते पुष्कळ रुंद येईल, आणि तेच प्रामाणिक आहे.

भरती-ओहोटीही विसरू नका. पाणी उतरलेलं असलं की रॅम्पचा उतार बदलतो, गाड्या जपून चढतात, वेळ लागतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाच दिवस मोजलंत तर सकाळच्या गर्दीत भरतीच्या चक्राचा एकच तुकडा सापडेल, आणि ओहोटीचा परिणाम गर्दीच्या खात्यावर जमा होईल. पंधरवडा मोजा, म्हणजे पूर्ण चक्र घड्याळावरून फिरून येतं. चवथीचा आठवडा वेगळा ठेवा.

मॉडेल पडताळताना फक्त सरासरी जुळवून थांबू नका. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी यांचा नाण्यांवरचा अभ्यास या बाबतीत मला आदर्श वाटतो. चलनात फिरताना नाणं झिजतं. त्यांच्या मॉडेलप्रमाणे काळाबरोबर सरासरी वजन घटायला हवं आणि वजनांचं विचरण वाढायला हवं. त्यांनी चलनातली नाणी तोलून दोन्ही तपासलं आणि मग ते गणित प्राचीन नाण्यांना लावलं. सरासरी जुळवणं कुठल्याही मॉडेलला जमतं, विचरण जुळलं की मॉडेलात दम आहे असं समजायचं. (हेच कोसंबी १९४३ मध्ये यादृच्छिक फलनांच्या विस्ताराचा तो निष्कर्ष मांडून बसले होते, जो पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावांनी जगभर गेला. गोव्यातल्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असायलाच हवं.) तुमच्या प्रकल्पात याचा अर्थ असा की सरासरी खोळंब्यासोबत शंभरातल्या पंचाण्णवाव्या गाडीचा खोळंबाही मॉडेलातून काढा आणि धक्क्यावरच्या नोंदींशी ताडून पाहा.

प्रकरणांची मांडणी मी अशी करीन. आधी दोन रेघांचा आलेख, प्रत्यक्ष नोंदींवरून. मग दुपारच्या तासांसाठी गठ्ठ्याचं मॉडेल, फेऱ्यांमधल्या अंतराच्या वर्गासकट. मग संगणकावर सिम्युलेशन, ज्यात आवकेचा वेग वेळेनुसार बदलतो. त्यासाठी लुइस आणि शेडलर यांची १९७९ ची विरळीकरणाची पद्धत सोपी आहे: सर्वाधिक वेगाने गाड्या निर्माण करा आणि त्या क्षणीच्या खऱ्या वेगाच्या प्रमाणात काही गाळून टाका. एम/एम/१ परिशिष्टात ठेवा, ३ आणि उणे ३ या दोन्ही उत्तरांसह, आणि प्रत्येकापुढे कुठली अट मोडली ते लिहा. परीक्षक ते पान आवर्जून वाचतील.

आणि रो-रो येण्याआधीचे आकडे कुणाच्या वहीत असतील तर ते मिळवा. आधी–नंतरची तुलना करताना आवकेची रेघही दोन्ही वेळची काढा, फक्त खोळंब्याची नको. सोय वाढली की मये–डिचोलीवरून जाणाऱ्या काही गाड्या धक्क्याकडे वळतात, साडेसहाला निघणारे सातला निघू लागतात, आणि खोळंबा फारसा घटलेला न दिसताही बोट पूर्वीपेक्षा खूप जास्त माणसांना पलीकडे नेत असू शकते.